राजुरीहून सायकलसहल : अगदी नवख्यांसाठी

इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टची तळी हिमनद्यांनी कोरली. जुन्नर-आंबेगावची पाटबंधारे खात्याने बांधली. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आहेत. पाण्याकाठच्या संथ रस्त्यांनी सायकल हाकत जुने वाडे, बागा बघण्याची हौस विमानाचं तिकीट न काढता भागवायची असेल, तर जुन्नर तालुक्यातल्या राजुरीला मुक्काम करा. गाव कल्याण-नगर रस्त्यावर आहे. पश्चिमेला आळेफाटा, पूर्वेला बेल्हे. शासनाने २०१८ साली जुन्नर हा पर्यटन तालुका जाहीर केला, तेव्हा तुम्ही पर्यटक आहात याला सरकारी आधार आहे. गावाला मात्र ते पटवून द्यावं लागेल, आणि मार्गदर्शनाची खरी गरज तिथेच आहे.

आधी सायकल. शहरातला दुकानदार तुम्हाला ऐंशी हजारांची दाखवील. तिला मडगार्ड नसेल, कॅरिअर नसेल, स्टँड नसेल आणि घंटीही नसेल. ही यादी पाठ करून ठेवा, कारण राजुरीत ती तुम्हाला जशीच्या तशी ऐकवली जाणार आहे. बाटली भरायला थांबलात की पारावरचे एखादे बाबा उठतात, अंगठ्याने टायर दाबून बघतात, सीटच्या मागच्या मोकळ्या जागेवरून हात फिरवतात आणि विचारतात, "हिला दुधाचं कॅन कुठं अडकवायचं?" गाव दुधाचं आहे, प्रश्न रास्त आहे. उत्तर शोधण्याच्या भानगडीत पडू नका. किंमत विचारली तर एक शून्य गाळून सांगा. खरा आकडा सांगितलात, तर तेवढ्यात सेकंडहँड स्प्लेंडर येऊन वर पेट्रोलला पैसे कसे उरतात, यावर अर्धा तास चर्चा होईल, आणि ती तुम्ही हराल.

यानंतरचा प्रश्न, "पाव्हणं, सायकलीव का?" चांगला कमावता माणूस हौसेने सायकल चालवतो, हे कारण ग्राह्य धरलं जात नाही. ग्राह्य कारणं तीन: नवस, पर्यावरणाचा संदेश आणि डॉक्टरांनी सांगितलंय. संदेश म्हणालात तर शाळेत न्यायला माणूस येईल आणि मुलांपुढे बोलावं लागेल. डॉक्टर म्हणालात तर शुगर आहे असं समजून चहा बिनसाखरेचा येईल. नवस उत्तम, त्यात पुढे कुणी खोलात जात नाही. मग "कोणाचं तुम्ही?" येईल. आडनाव सांगा. त्या आडनावाची एखादी सोयरीक पाच मिनिटांत निघतेच, आणि ती निघाली की तुम्ही पर्यटक राहत नाही, जेवूनच सुटता.

निघण्याची वेळ. सायकलीवरची सगळी पुस्तकं सांगतात, उजाडायच्या आत निघा. इथे तसं करू नका. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. जुन्नरचा बिबट्या जंगलात राहून अधूनमधून गावात येणारा नव्हे. कित्येक पिढ्या उसातच जन्मलेल्या आहेत. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, ते उगाच नाही. सायकलीवर वाकून बसलेला माणूस अंधारात कसा दिसतो याचा प्रयोग आपण करू नये. दूध घालून लोक परत फिरले, ऊन चढलं, की निघा. संध्याकाळी दिवे लागायच्या आत मुक्कामाला या. उसाच्या कडेला एकट्याने वाकून पंक्चर काढत बसू नका. सायकल हातात धरून वस्तीपर्यंत चालत जा. यात विनोद नाही.

पुणे-नाशिक महामार्ग फक्त ओलांडायचा असतो, त्यावरून जायचं नसतं. कारखान्यांचा हंगाम चालू असेल तेव्हा गावरस्त्यांवरही दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर भेटतो. त्याची गाणी आधी ऐकू येतात, तो नंतर दिसतो. गाणी कानावर पडताच साईडपट्टीला उतरा. चालकाने तुम्हाला पाहिलं असेल असं गृहीत धरू नका. त्याला स्वतःची मागची ट्रॉलीही दिसत नसते.

वाट विचारताना गावाचं पूर्ण नाव घ्या. पारगाव तर्फे आळे वेगळं आणि पारगाव तर्फे मढ वेगळं; हिवरे तर्फे नारायणगाव एकीकडे तर हिवरे तर्फे मिन्हेर भलतीकडे. 'तर्फे' गाळलंत की दिवस गेला. अंतर विचारू नका. "हे काय, इथंच" हे उत्तर मोटारसायकलवाल्याच्या हिशेबाचं असतं.

पहिला दिवस पश्चिमेचा. आळ्यात ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. पैठणला वेद बोललेला तो रेडा इथपर्यंत चालत आला, अशी श्रद्धा आहे; तुम्ही राजुरीहून आलात, तेव्हा दमलो असं तिथे तरी म्हणू नका. पुढे महामार्ग ओलांडून पिंपळवंडी, येडगावचं धरण आणि जलाशयाच्या काठाने ओझर. ओझरला विघ्नहर गणपती आहे. वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी देवळाच्या शिखरावर सोनं चढवलं असं सांगतात. घाटाच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडता येतात, आणि या सहलीतला जो भाग परदेशी छायाचित्रांसारखा दिसतो तो एवढाच. फोटो इथेच काढून घ्या. पावसाळ्यात येत असाल तर एक लक्षात असू द्या: वारा पश्चिमेचा असतो, म्हणजे जाताना सगळा तोंडावर. येताना तो पाठीला असतो आणि आपला सराव वाढलाय असा गोड गैरसमज होतो. तो होऊ द्या.

दुसरा दिवस ऐतिहासिक वास्तूंचा. इंग्रजी पुस्तकातल्यासारखी तिकीट लावलेली, हिरवळ राखलेली हवेली शोधू नका. गावोगाव वाडे आहेत, पण आत सोडायची परवानगी कोणी द्यायची हेच ठरत नाही. सातबाऱ्यावर नावं चाळीस, त्यातले निम्मे मुंबईत. दिंडी दरवाजा बाहेरून पाहावा, पडलेल्या चिरेबंदीकडे बघून हळहळावं, आणि पुढे जावं. वाडा दुरुस्त का करत नाही असं विचारू नये, भावकीचा इतिहास सुरू होतो आणि तो शिवकाळाहून लांब आहे.

इतिहास हवाच तर जुन्नर शहर गाठा. १४९० मध्ये निजामशाही इथूनच उभी राहिली. १६३० मध्ये शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. पण किल्ला सायकलीने चढता येत नाही, हे नवख्यांना वेगळं सांगितलेलं बरं. सायकलीसाठी हापूसबाग सोयीची: सपाट रस्ता, शेतं आणि सौदागर घुमट. एवढा देखणा घुमट, आणि गर्दी शून्य.

बागेची हौस असेल त्यांनी नारायणगावजवळच्या हिवऱ्याला जावं. डॉ. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरच्या देखरेखीखाली एकोणिसाव्या शतकात इथे सरकारी बाग होती, त्यात औषधी वनस्पती लावल्या जात. हाच गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. साहेबाला झाडं आणायला जगभर पत्रं लिहावी लागली. आता याच पट्ट्यातला शेतकरी टोमॅटो आणि द्राक्षाची नवी जात मोबाईलवर बघून मागवतो.

तिथून खोडद. शेतात एकदम प्रचंड पांढऱ्या थाळ्या उभ्या दिसतात. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जीएमआरटी दुर्बीण ती हीच: ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली. तबकडीला पत्रा नाही. दोरांच्या सांगाड्यावर बारीक तारांची जाळी ताणलेली आहे, त्यामुळे वारा आरपार जातो आणि खर्चही आवाक्यात राहिला. समोरच्या वाऱ्याशी झगडत आलेल्या सायकलवाल्याला यातलं शहाणपण पटकन कळतं. आकाशातले अतिक्षीण रेडिओ तरंग ऐकणं हे तिचं काम, म्हणून आवारात मोबाईल बंद. तुम्ही किती किलोमीटर आलात हे जगाला लगेच कळलं नाही तर चालेल. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला गेलात तर शाळांची पोरं, प्रयोग आणि जत्रेइतकी गर्दी सापडेल.

परतताना बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठी थांबा. मातीच्या कड्यात राखेचा एक फिकट थर आहे. ती ज्वालामुखीची राख आहे, आणि ज्वालामुखी इथला नव्हे, सुमात्रा बेटावरच्या टोबाचा. साधारण ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची की त्याहून कितीतरी आधीच्या, यावर तज्ज्ञ अजून भांडतात. सोबत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं सापडल्यामुळे भांडण साधंसुधं नाही. थर उकरून घरी नेऊ नका.

तिसरा दिवस सोमवार असेल तर पूर्वेला बेल्हे, बैलबाजार. सायकल बाजारात घालू नका, बाहेर उभी करून पायी जा. गिऱ्हाईक बैलाचा ओठ वर करून दात मोजतं: आदत, दुसा, चौसा, जुळलेला. भाव तोंडाने होत नाही. उपरण्याखाली दोघांचे हात जातात आणि बोटांनी होतो. तुमच्या सायकलीचाही कोणी असाच भाव करू लागला तर हात मागे घ्या. बेल्ह्यापुढे आणे घाटात गुळुंचवाडीला मळगंगेच्या देवळाखाली ओढ्यावर निसर्गाने कोरलेला दगडी पूल आहे. चढ खरा आहे, उतरून ढकलत न्यायला लाजू नका. वाटेत मासवडी-रस्सा आणि बाजरीची भाकरी खा, पण चढाच्या आधी नव्हे.

डिंभ्याचं नियोजन पुढच्या खेपेसाठी ठेवा, लांब आहे. मूळ आंबेगाव त्या धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याचं नाव तेवढं उरलं, कचेरी घोडेगावला.

राहता राहिली तारीख. फेब्रुवारीच्या आत-बाहेर या. उन्हाळी आवर्तन सुटलं की येडगावचं पाणी कालव्याने पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे जातं, आणि मे महिन्यात तळं पाहायला आलेल्याला भेगाळलेला गाळ दिसतो. पाणी त्यांच्या हक्काचं आहे आणि त्यासाठी दरवर्षी भांडणं होतात. त्यात सहलवाल्यांनी पडू नये. तारीख आपणच बदलावी.