हेर डॉक्टर

श्टुटगार्टच्या ऑफिसात आमचे विभागप्रमुख म्हणजे हेर डॉक्टर. ‘हेर’ म्हणजे जर्मनमधलं श्रीयुत. डॉक्टर माणसांचे नव्हेत, गिअरबॉक्सचे. टेबलावरच्या सगळ्या पेन्सिली एका उंचीच्या. आकड्यात शून्याची चूक नाही. शाळेत नऊ वर्षं इंग्रजी शिकलेत, त्यामुळे तिथंही आपली चूक होत नाही याची त्यांना खात्री आहे.

पहिल्याच दिवशी कॉफीच्या मशीनपाशी ते प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, “आय बिकम अ कॉफी.” मी दोन पावलं मागं सरकलो. जर्मनमधलं ‘बेकोमेन’ म्हणजे मिळणं, हे कळेपर्यंत माझ्यापुरता तो चमत्कारच होता. “माय शेफ इज व्हेरी अँग्री” ऐकून मी कँटीनकडे पाहिलं. शेफ म्हणजे त्यांचे साहेब निघाले. एका शुक्रवारी त्यांनी बजावलं, “टुमॉरो यू मस्ट नॉट कम!” नोकरी गेली या धास्तीनं दोन दिवस घशाखाली घास उतरला नाही. त्यांना म्हणायचं होतं, यायची गरज नाही.

गंमत म्हणजे त्यांच्या निम्म्या चुका मला चुका वाटतच नाहीत. “आय ॲम हिअर सिन्स ट्वेंटी इयर्स,” म्हणाले, तर मी आदरानं मान डोलावली. फोनवर चोपन्न लिहून घेताना ते उजवीकडे आधी चार मांडतात, मग डावीकडे पाच. जर्मनमध्ये ‘चार आणि पन्नास’ असंच म्हणतात. आपल्या चोपन्नातही चार पुढंच बसलेत की! “सेंड द ड्रॉइंग अन्टिल फ्रायडे” म्हणाले, की शुक्रवारपर्यंत पाठवायचं हे मी चटकन समजतो. त्यांच्या ‘बिस’चं काम आपला ‘पर्यंत’ करतो. इंग्लंडच्या पुरवठादारानं मात्र काकुळतीनं विचारलं होतं, “आणि शुक्रवारनंतर पाठवायचं थांबवू का?”

परवा तोच पुरवठादार भेटायला येणार होता. हेर डॉक्टरांनी फोनवर वेळ दिली, “हाफ थ्री.” जर्मन हिशोबानं ‘हाल्ब द्राय’ म्हणजे तिसरा तास अर्धा झालेला, अडीच. आपला अडीचही संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’ वरूनच आलाय, त्यामुळे मी दोन पंचवीसला वही उघडून हजर. इंग्रजाच्या कानाला मात्र हाफ थ्री म्हणजे साडेतीन.

अडीच वाजले. पावणेतीन वाजले. जर्मन माणसाच्या दृष्टीनं पंधरा मिनिटं उशीर म्हणजे पोलिसांत कळवावं इतकी गंभीर बाब. हेर डॉक्टर दर पाच मिनिटांनी मनगटाकडे, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. दोन्ही घड्याळं जुळत होती, याचाच त्यांना जास्त त्रास होत असावा.

बरोबर साडेतीनला पाहुणा हसत आत आला. हेर डॉक्टर उठले आणि कडक आवाजात म्हणाले, “आय बिकेम ऑलरेडी थ्री कॉफीज!”

पाहुण्यानं गोंधळून माझ्याकडे पाहिलं. इंग्रजी येणारा भारतीय म्हणून त्याची सगळी भिस्त माझ्यावर. मी घसा खाकरला आणि समजावून सांगितलं, “सर, ही इज वेटिंग फॉर यू सिन्स वन अवर.”

हेर डॉक्टरांनी मान डोलावली.