मतदार जागेवर, माननीय फिरतीवर

न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणारा माझा भाचा परवा फोनवर तिथल्या प्रायमरीबद्दल सांगत होता. पक्षाचा उमेदवार कोण, हे तिथे म्हणे त्या पक्षाचे मतदार मत देऊन ठरवतात. म्हणजे निवडणुकीच्या आधी आणखी एक निवडणूक. शिवाय नाव एका पक्षाकडे नोंदवलेलं आणि मत दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीत द्यायचं असेल, तर मतदाराने कित्येक आठवडे आधी रीतसर अर्ज भरायचा. "मग मतदान किती होतं रे?" मी विचारलं. "फारच कमी, मामा." ऐकून बरं वाटलं. कमी मतदानाच्या बाबतीत पुण्याला कोणाकडून काही शिकायचं नाही. राहता राहिली प्रायमरी. ती आमच्याकडेही होते. फक्त तिथे मतदाराला बोलावत नाहीत.

आमची प्रायमरी सुरू होते इच्छुकांच्या मुलाखतींनी आणि संपते पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या एबी फॉर्मवर. महापालिकेच्या ताज्या निवडणुकीत 30 डिसेंबर 2025 हा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. त्या सुमारास शहरात रात्री झोप कोणाला लागली असेल तर ती मतदारालाच. सकाळी भाजप, दुपारी राष्ट्रवादी आणि तीनच्या ठोक्याला 'जिथे फॉर्म तिथे आपण' अशी धावपळ होती. धनकवडी-सहकारनगर भागात एकाच पक्षाच्या दोघांना एकाच जागेचे एबी फॉर्म मिळाले, तेव्हा एकाने दुसऱ्याचा फॉर्म फाडला आणि गिळला, अशी बातमी आली. फाडला यावर एकमत आहे, गिळला की नाही यावर मतभेद आहेत. उमेदवारी मिळाली नाही तरी ती गोष्ट पचवता आली पाहिजे, असं पक्षश्रेष्ठी सतत सांगत असतात. कार्यकर्त्यांनी इतकं मनावर घ्यायला नको होतं.

आता आकडे पाहू. 2012 साली 152 जणांच्या सभागृहात राष्ट्रवादीचे 51, मनसेचे 29, काँग्रेसचे 28 आणि भाजपचे 26 नगरसेवक होते. 2017 साली सभागृह 162 चं झालं, भाजप शंभरीच्या उंबरठ्यावर गेला, राष्ट्रवादी 39 वर उतरली आणि मनसेचे उरले दोन. 2026 मध्ये 165 पैकी भाजपने शंभरी सहज ओलांडली. बाहेरगावच्या अभ्यासकाला वाटेल, केवढं हे मतपरिवर्तन! लाट होती, नाही असं नाही. पण या सगळ्या वर्षांत महापालिकेचं मतदान मात्र पन्नाशीच्या जरा पुढे जाऊन बसलंय, ते हलायला तयार नाही. अर्धं पुणं घरातच. मग इतक्या जागा हलल्या कशा?

उत्तर आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर आहे. त्यावरच्या माननीयांचा, म्हणजे आमच्या नगरसेवक भाऊंचा, फोटो 2012 चाच आहे. पांढरा कुर्ता, कपाळावर टिळा, दोन्ही हात जोडलेले. मागचे नेते तेवढे बदलत गेले. मध्यंतरी एका घाईच्या फ्लेक्सवर नव्या साहेबांच्या खांद्यामागे जुन्या साहेबांचा अर्धा कान राहून गेला होता. आठवडाभर कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण कार्यालय तेच, खुर्च्या त्याच, दहीहंडी तीच आणि ड्रेनेज तुंबल्यावर फोन न उचलणारा पोरगाही तोच. पुण्यात मतदार सहसा पक्ष बदलत नाही. तो भाऊंना मत देतो आणि भाऊ पक्ष बदलतात. एडिसनमध्ये बिचाऱ्या मतदाराला अर्ज भरावा लागतो, इथे त्याच्या वतीने भाऊ उपरणं बदलून घेतात. घरपोच सेवा म्हणतात ती हीच.

कोणी म्हणेल, पक्षांतरबंदी कायदा आहे ना? आहे. महाराष्ट्रात नगरसेवकांसाठी 1986 चा खास कायदाच आहे. पण तो नगरसेवकाला लागू होतो, माजी नगरसेवकाला नाही. 14 मार्च 2022 ला पुणे महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले आणि सगळे माननीय एका रात्रीत माजी झाले. पुढची जवळजवळ चार वर्षं निवडणूकच नाही. तेवढ्यात शिवसेना दुभंगली, राष्ट्रवादी दुभंगली आणि ज्यांचं पद जायची भीतीच उरली नव्हती त्यांना कोणत्याही दारातून आत-बाहेर करायची मुभा मिळाली. रस्त्यावरचे खड्डे कोणाकडे सांगायचे हे पुणेकरांना कळेनासं झालं, हा या काळाचा तोटा. पक्षबदलासाठी इतका निवांत वेळ आजवर कुठल्याच पिढीला मिळाला नव्हता, हा फायदा. शेवटी दोन्ही राष्ट्रवादी पुण्यापुरत्या पुन्हा एकत्र लढल्या, तेव्हा घड्याळातून तुतारीत गेलेल्यांना आपण नक्की गेलो होतो की नाही, हेच समजेना.

राहिला मतदार. कमी मतदानाचा विषय निघाला की पुणेकरांच्या दुपारी एक ते चारच्या झोपेचा विनोद होतो. तो मी करणार नाही, कारण तो खोटा आहे. लोकसभेला आणि विधानसभेला शहरात मतदानात पुढे असतो तो कसबा, म्हणजे जिथे वामकुक्षीला खरा मान आहे तो भाग. मागे पडणाऱ्यांत असतो शिवाजीनगर. झोपणारे मत देतात, जागे असणारे मत दिल्याबद्दल मिसळीवर सवलत किती टक्के आहे ते विचारतात. त्यात मतदार यादीचं आपलं वेगळंच. दुबार नावांपुढे या वेळी दोन-दोन चांदण्या छापल्या होत्या. लेक माहेरच्या यादीत आहे, सासरच्या यादीत आहे आणि प्रत्यक्षात बंगळूरला आहे. टक्केवारी काढताना ती दोनदा गैरहजर लागते. 2014 च्या लोकसभेला याच शहरात यादीत नाव नाही म्हणून लोक रस्त्यावर उतरले होते. म्हणजे ज्यांना यायचं त्यांची नावं गायब आणि न येणाऱ्यांची दोन-दोन ठिकाणी.

जे येतात त्यांचीही परीक्षाच. 15 जानेवारीला आमच्या केंद्रावर पुढे एक आजी होत्या. प्रभाग चार जणांचा, त्यामुळे मतं चार. अ पांढरा, ब गुलाबी, क पिवळा, ड निळा. चारही दाबल्याशिवाय यंत्र शिटी वाजवत नाही. आजींनी दोन बटणं दाबली आणि निघाल्या.

"आजी, अजून दोन राहिली."

"मला दोघंच बरे वाटले."

"मग तिथे नोटा दाबा. पण दाबायला हवं."

"म्हणजे चहा नको म्हटलं तर कॉफी घ्यायचीच का?"

मागच्या गृहस्थांनी नियम सांगायला सुरुवात केली, त्यांच्या मागच्यांनी तो नियम जुना असल्याचं सांगितलं आणि रांग दहा मिनिटं थांबली. मग बोटावरची मार्करची शाई पुसते की नाही यावर चर्चा झाली. त्यात मी पडलो नाही. निम्मं शहर एकदासुद्धा येत नाही, तिथे शाई पुसून दुसऱ्यांदा येणाऱ्याचा सत्कारच करायला हवा.

आजींना हे ठाऊक नसेल, पण राज्य निवडणूक आयोगाने 2018 पासून स्थानिक निवडणुकांत नोटाला काल्पनिक उमेदवार मानलं आहे. त्याला सर्वांत जास्त मतं मिळाली तर फेरनिवडणूक. म्हणून की काय, राज्यभर या वेळी त्याहून सोपा मार्ग सापडला. पुण्यातल्या दोन जागांसह कित्येक जागा बिनविरोध झाल्या. तिथे काल्पनिक उमेदवारही उभा राहू शकत नाही. मतदान शून्य, वाद शून्य, शाई शून्य.

मतदाराने मनावर घेतलं की काय होतं, हे कसब्याने पक्षांना शिकवलंय. 1995 पासूनचा भाजपचा गड. फेब्रुवारी 2023 च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी भाजपच्या हेमंत रासनेंना जवळजवळ अकरा हजारांनी हरवलं. पावणेदोन वर्षांनी त्याच कसब्यात तेच दोघं, आणि रासने 19 हजारांहून जास्त मतांनी वर. मतदाराने दोनदा कौल बदलला आणि दोन्ही वेळा कोणाला विचारलं नाही. धंगेकरांनी मग स्वतःच बदल केला. शिवसेना, मनसे, काँग्रेस असा प्रवास झालेलाच होता, मार्च 2025 मध्ये ते शिंदेंच्या शिवसेनेत गेले. पोटनिवडणुकीची ही गंमत इतकी अंगाशी आली असावी, की 2023 च्या मार्चअखेर खासदार गिरीश बापट यांचं निधन झाल्यावर लोकसभेची पोटनिवडणूक झालीच नाही. उच्च न्यायालयाने घ्या म्हटलं, सर्वोच्च न्यायालयात स्थगिती मिळाली आणि शहर वर्षभर खासदाराविना राहिलं. फरक पडला का, हे विचारायला कोणाकडे जायचं, तेही कळेना.

सध्या आमच्या चौकातले भाऊ जरा गप्प आहेत. या वेळी पडले. पण सांत्वनाला गेलो तर चेहऱ्यावर दुःख दिसेना. टेबलावर पेढ्यांचा बॉक्स आणि शेजारी छापून आलेली नवी व्हिजिटिंग कार्डं. म्हणाले, "स्वीकृत नगरसेवकासाठी नाव गेलंय. तिथे मतदान नसतं." कार्डावर पक्षाच्या चिन्हाची जागा तेवढी कोरी ठेवली होती.