चौकचे चेनपंडित

भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा करत डोंगरी ओलांडली की चौक गावाचा रस्ता लागतो. सुटीच्या सकाळी त्यावर मोटारसायकलींची रांगच असते. बघायला तिथे पुष्कळ आहे. समोर समुद्र, खाडीपलीकडे वसई, टेकडीवर मराठ्यांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलेल्या धारावी किल्ल्याचे अवशेष, शिवाय चिमाजी अप्पांचं स्मारक. आलेला माणूस आधी समुद्राला मोबाइल लावतो. चेनपंडित मात्र रस्त्याकडेला उकिडवे बसून त्याच माणसाच्या मागच्या चाकाकडे बघत असतात.

चेनपंडित हा एक माणूस नव्हे, ती जमात आहे. खाऱ्या वाऱ्याच्या प्रत्येक गावात त्यातला एक तरी सापडतोच. वय पन्नाशीच्या आसपास, थ्रीफोर्थ, आणि घरच्यांनी धुवायला घ्यायचं केव्हाच सोडून दिलेलं बनियन. गाडी ओळखायला त्यांना मान वळवावी लागत नाही. वळणावर आवाज आला की जाहीर करतात, “खरखरतेय. आता दात खाणार.” गाडी कुणाची, हा प्रश्न दुय्यम. चेन कोरडी की ओली, हा पहिला. बायकोच्या स्कूटरकडे ते ढुंकूनही बघत नाहीत, कारण तिच्यात बेल्ट आहे आणि तोही झाकलेला.

त्यांच्या या वेडाला चौकमध्ये कारणही तसंच आहे. इथे चेनला दोन वैरी, आणि दोघांचं आपसात जमत नाही. चेन कोरडी ठेवली तर खारी हवा गंज चढवते. तेलानं माखली तर वाळू येऊन चिकटते, आणि तेल व वाळूचा तो काळा लगदा पॉलिश पेपरचं काम करत स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाचे, दात झिजवतो. सरळ दात पुढे वाकून आकड्यासारखे झाले की चेनपंडित मान हलवतात आणि “गेली” एवढंच म्हणतात. त्यांच्या स्वरावरून शेजारची बाई दचकून विचारते, “कोण गेली?”

रविवारचा विधी ठरलेला. गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. इथे विनोद संपतो आणि चेनपंडित खरोखर गंभीर होतात. इंजिन चालू ठेवून, चाक आपोआप फिरतंय म्हणून फडकं धरणारा एखादा पोरगा दिसला की ते अंगणापलीकडून ओरडतात. फडकं चेनमध्ये गेलं की मागोमाग बोटं जातात, आणि चेन बोट आणि फडक्यात फरक करत नाही. चाक हातानंच फिरवायचं.

मग रॉकेल. पूर्वी ते रेशनवर मिळायचं. आता मिळवणं हाच उद्योग, म्हणून बाटलीला घरात देवघराखालची जागा आहे. पेट्रोलनं धुणाऱ्यांना ते पापी समजतात, आणि ओ-रिंगच्या चेनपुरतं त्यांचं म्हणणं रास्त आहे. पिन आणि बुशमधलं ग्रीस कारखान्यातच भरून, कुकरच्या रिंगेसारख्या बारीक रबरी कड्यांनी आत कोंडलेलं असतं. पेट्रोलनं ते रबर खराब होतं, तारेच्या ब्रशनं फाटतं, आणि एकदा आतलं ग्रीस गेलं की बाहेरून कितीही तेल ओता, आत पोचत नाही. ब्रश म्हणून घरातला जुना टूथब्रश. जुना कुठला आणि चालू कुठला, यावरून त्या घरात एकदोनदा मोठी भांडणं झालेली आहेत.

धुतली, पुसली, वाळली की तेल. यात दोन पंथ. एक 90 नंबरच्या गिअर ऑइलचा, दुसरा स्प्रेच्या डब्याचा. मच्छीमार बोटीच्या इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल फुकटात ओतणारा तिसराही आहे, पण तो नास्तिकांत मोजतात, कारण त्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूचा कीस असतो. तेल चेनच्या आतल्या बाजूनं सोडायचं. फिरताना ते आपोआप बाहेर फेकलं जातं, म्हणून बाहेरून ओतलेलं बरंचसं पँटवर येतं. रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी जास्तीचं पुसायचं. ही शेवटची पायरी पुष्कळ लोक गाळतात आणि मागे बसणाऱ्याच्या पांढऱ्या पँटवर ठिपके उमटवून देतात.

ढिलाई मोजायला त्यांच्याकडे पट्टी नाही, तर्जनी आहे. चेनचा खालचा पदर मध्यावर वरखाली केला की पुष्कळ गाड्यांना दोन-तीन सेंटिमीटर खेळ असावा लागतो. नेमका आकडा पुस्तिकेत दिलेला असतो. पण पुस्तिका गाडीसोबत प्लॅस्टिकमध्ये येते आणि प्लॅस्टिकमध्येच राहते. गॅरेजमधला पोरगा “टाइट केली” असं अभिमानानं सांगतो, तेव्हा चेनपंडितांच्या कपाळावर आठी पडते. डबलसीट खड्ड्यात गेलं की सस्पेन्शन दबतं, चेन आणखी ताणली जाते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार येतो. ढिली चेन वाजून बोंब तरी मारते, घट्ट चेन गुपचूप खाते.

इतिहासाची बाजूही ते सोडत नाहीत. बुश-रोलर चेन हान्स रेनॉल्ड यानं 1880 मध्ये मँचेस्टरला बनवली, हे ते मासे साफ करणाऱ्या सुनेलाही सांगून चुकले आहेत. 428 नंबरच्या चेनचा पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, अर्धा इंच, 520 चा पाच अष्टमांश इंच, हे आकडे त्यांना मोबाइल नंबरापेक्षा नीट पाठ. 1985 मध्ये आलेल्या हीरो होंडा सीडी 100 बद्दल मात्र त्यांच्या मनात संमिश्र भावना आहेत. त्या गाडीची चेन पूर्ण पत्र्याच्या डब्यात. टिकायची खूप, पण दिसायची कुठे? आजच्या गाड्यांत निर्मात्यांनी चेन उघडी केली, साडी गार्ड मात्र ठेवलं, कारण ते कायद्यानं लागतं. याला चेनपंडित प्रगती म्हणतात.

आता एक गोष्ट चौकमध्ये कुणी उघड बोलत नाही. चेनपंडितांची स्वतःची गाडी आठवड्यात उत्तन बाजारापर्यंत जाते आणि परत येते. चेन साधारण 500 किलोमीटरला किंवा पावसात भिजल्यावर साफ करावी म्हणतात. त्या हिशेबानं पावसाळा सोडला तर त्यांची बारी वर्षातून फार तर दोनतीनदा यायला हवी. पण हिशेब रस्त्याचा धरायचा की वाऱ्याचा? मुंबईच्या मधल्या भागात बसून नियम लिहिणाऱ्याला समुद्र माहीत नसतो, असं त्यांचं मत आहे आणि ते अगदीच खोटं नाही.

परवा किल्ल्याच्या पायथ्याशी एक अवाढव्य बीएमडब्ल्यू येऊन उभी राहिली. मालक हेल्मेट काढतोय तोवर चेनपंडित डावीकडे बसले. तिथे काही दिसलं नाही. उजवीकडे गेले, वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले. एवढी मोठी गाडी, आणि चेन नाही!

“शाफ्ट आहे काका,” मालक हसत म्हणाला, “चेन धुवायचा प्रश्नच नाही.”

चेनपंडितांनी त्याच्याकडे फार वेळ बघितलं. मग काळजीच्या स्वरात विचारलं, “मग रविवारी करता काय?”