रायफल दिली, आता कार्टही द्या

भारतीय फॉर्म्युला-4 मालिका 2023 मध्ये सुरू झाली. पहिलं विजेतेपद ऑस्ट्रेलियाच्या कूपर वेबस्टरनं नेलं, 2024 चं दक्षिण आफ्रिकेच्या अकील अलीभाईनं. दोघं वेगवान होते म्हणून जिंकले, त्यांचं मनापासून अभिनंदन. पण शर्यत आपली, ट्रॅक आपले. मग पहिल्या दोन्ही वर्षी आपलं पोर अव्वल का आलं नाही?

कारण एफ-4 पंधराव्या वर्षी सुरू होते आणि चालक सात-आठव्या वर्षी, गो-कार्टमध्ये घडतो. ब्रेक किती उशिरा दाबायचा, वळणाचा आतला कोपरा कसा धरायचा, पुढच्याला न धडकता कसं मागं टाकायचं, हे तिथंच अंगात मुरतं. एकदा ते मुरलं की वाट खरोखर वर जाते. 2015 मध्ये ब्रिटनच्या एफ-4 मालिकेचा पहिला विजेता लँडो नॉरिस होता. इटलीचा 2022 चा विजेता किमी अँटोनेली अठराव्या वर्षी मर्सिडीजकडून एफ-1 शर्यतीत उतरला. आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला 2011 मध्ये फोर्स इंडियाच्या शोधमोहिमेत निवडला गेला, पण पुढच्या कार्टिंगसाठी त्याला इंग्लंड गाठावं लागलं. मग त्यानं एफ-2 च्या शर्यती जिंकल्या.

घराजवळ ट्रॅक असला की काय होतं, ते कोल्हापूरला विचारा. मोहितेंच्या ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्स कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या. ध्रुव मोहिते, चित्तेश मंडोडी, कृष्णराज महाडिक हे चालक याच शहराचे. महाडिक 2018 मध्ये ब्रिटिश एफ-3 मध्ये उतरला. या खेळाला पैसा लागतो, मान्य. पण पैसेवाली घरं सांगली, सोलापूर, नाशिकलाही आहेत. कोल्हापूरकडे ट्रॅक होता.

आता भोपाळच्या आनंद नगरकडे या. रायसेन रस्त्यावरच्या या वस्तीतल्या दहा वर्षांच्या एखाद्या मुलीला वेगाची ओढ असेल, तर तिनं करायचं काय? एफ-4 चे ट्रॅक चेन्नई आणि कोइंबतूरला. तिच्याच राज्यात पिथमपूरला 'नॅट्रॅक्स'ची 11.3 किलोमीटरची वेगवान चाचणी-धावपट्टी आहे. जून 2021 मध्ये तिचं उद्घाटन झालं, संकुलाची जागा सुमारे हजार एकर. ती कंपन्यांच्या गाड्या तपासण्यासाठी आहे आणि तशीच राहावी. पण मुलांच्या कार्टिंगला किलोमीटरभर डांबर पुरतं. तेवढं डांबर राज्याला जड नाही.

खर्चाचं कारण तर भोपाळात कुणी सांगूच नये. रायफल महाग, गोळ्या महाग, घोडा पोसणं त्याहून महाग. तरी मध्य प्रदेश सरकारनं इथं नेमबाजीची आणि घोडेस्वारीची अकादमी उभी केली. खरगोन जिल्ह्यातल्या शेतकरी घरचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर याच नेमबाजी अकादमीत घडला आणि टोकियो व पॅरिस, दोन्ही ऑलिंपिक खेळला. घरच्यांच्या खिशावर सोडलं असतं, तर तो तिथवर पोचला असता का?

ऑगस्ट 2024 च्या अखेरीस चेन्नईत दिव्यांच्या झगमगाटात 3.5 किलोमीटरच्या रस्त्यावर एफ-4 धावली. तमिळनाडू सरकार पाठीशी उभं राहिलं, गर्दी लोटली. उद्या इतर राज्यांनाही तसाच सोहळा हवासा वाटेल. त्यांना एकच सांगणं: रस्त्यावरची शर्यत दोन रात्रींत आटोपते, कार्टिंगचा ट्रॅक वर्षानुवर्षं पोरं घडवतो. पैसा आधी तिथं घाला.

मागणी मोठी नाही. भोपाळला एक ट्रॅक, क्रीडा खात्याच्या मालकीची वीस कार्ट, दोन जाणकार प्रशिक्षक, आणि दर उन्हाळ्यात सरकारी शाळांच्या मुलामुलींसाठी खुली निवड चाचणी. नेमबाजीत जे जमलं, ते इथंही जमेल. पुढच्या अर्थसंकल्पात त्याची तरतूद दिसली पाहिजे.