पोस्टकार्डाएवढा उपद्व्याप

रोज पोस्टकार्डाएवढ्या कागदावर जलरंगांनी काहीतरी करावं, त्यातून काही निघालंच पाहिजे असा हट्ट धरू नये आणि रंग कुठे पळतो ते बघत बसावं, एवढीच माझी हौस आहे. यात दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाचा गुंठाभर बांध कोरायचा नाही. तरी शिरूर तालुक्यातल्या कारेगावात बसून ही हौस करणं म्हणजे नगर रोडच्या दुभाजकावर पापड वाळत घालण्यासारखं आहे. पापड वाळत नाहीत ते नाहीतच, वर प्रत्येक जण गाडी हळू करून विचारतो, किलो कसे दिले?

कागदापासूनच बघा. जलरंगाला कागद लागतो चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, जमल्यास निव्वळ कापसाचा. साधा ड्रॉइंग पेपर पाणी लागलं की फुगतो, मधोमध तळं साचवतो आणि ब्रश जरा घासला की त्याच्या बारीक गोळ्या निघायला लागतात. इथल्या एका दुकानात 300 जीएसएम मागितला. “जाड पाहिजे ना? मग पुठ्ठा न्या की.” पुठ्ठा नको म्हटलं. “लग्नपत्रिकेचा दाखवू?” तोही नको म्हटल्यावर त्यांनी मूळ मुद्द्याला हात घातला, “पोरगं कितवीला आहे?” इकडे रंग पोरांसाठीच घेतले जातात, तेही शाळेनं सांगितलं म्हणून. मोठ्या माणसानं स्वतःसाठी रंगपेटी मागितली तर दुकानदार ती काळ्या पिशवीत घालून देतो.

मग उरतं पुणं. अप्पा बळवंत चौकात सगळं मिळतं, फक्त तो चौक पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि मध्ये शिक्रापूर, कोरेगाव भीमा, लोणीकंद, वाघोली अशी दैवतं बसलेली आहेत. प्रत्येकापुढे थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सुट्टी संपते आणि हातात कागदाची एक सुरळी उरते. घरी येऊन व्हिडिओ लावावा, तर शिकवणारे गृहस्थ हसत सांगत असतात, “बिनधास्त खेळा! बिघडलं तर बिघडू द्या, कागदच तर आहे.” या गृहस्थांना तासभर वाघोलीच्या कोंडीत उभं करावं आणि मग हेच वाक्य पुन्हा म्हणायला लावावं.

जलरंगात जल लागतं, ही पुढची अडचण. आमच्या इमारतीच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की बादलीला, नळाला, गीझरच्या कॉइलला पांढरा थर चढतो. अल्ट्रामरीन निळा मुळातच दाणेदार बसणारा रंग. तो या पाण्यात कालवून आकाश रंगवलं की गिलावा केल्यासारखं दिसतं. म्हणून जारचं पाणी हवं. घरात जारविषयी नियम कडक आहेत. “वीस लिटरचा जार पिण्यासाठी असतो. ब्रशला कसली आलीये तहान?” असा सवाल टाकून सौभाग्यवतींनी वाटीवर बंदी घातली. तडजोड अशी झाली की पाहुण्यांच्या ग्लासात उरलेलं पाणी माझं. त्यामुळे पाहुणे आले की माझा चेहरा खुलतो. माणूस फार माणसांतला आहे, असा सासरच्या मंडळींचा माझ्याबद्दल समज झाला आहे.

प्रयोगांमध्ये माझा लाडका प्रयोग मिठाचा. कागदावर ओला रंग पसरायचा, त्याची चकाकी मावळू लागली की खडेमीठ भुरभुरायचं. एकेक खडा भोवतीचं पाणी ओढून घेतो, रंग सरकतो आणि वाळल्यावर मीठ झटकलं की तिथे फिकट चांदणी उमटलेली असते. लवकर टाकलं तर मीठ विरघळून जातं, उशिरा टाकलं तर नुसतं खारट चित्र हाती येतं. मधली वेळ काही सेकंदांची. मे महिन्यात ही वेळ येतच नाही, कारण ब्रश उजव्या काठाला पोचेपर्यंत डावा काठ कडकडीत वाळलेला असतो. पावसाळ्यात ती वेळ टळतच नाही, आणि तोवर बरणीतल्या मिठालाच पाणी सुटलेलं असतं. दिवाळीनंतर हवा अगदी नेमकी होते. तेव्हा आमच्या कंपनीत ऑडिट लागतं.

अलेक्झांडर कोझेन्स नावाचा एक चित्रकार अठराव्या शतकात इंग्लंडात होऊन गेला. कागदावर मुद्दाम शाईचे डाग पाडायचे आणि त्या डागांतून निसर्गदृश्य शोधायचं, अशी त्याची पद्धत होती. त्यावर त्यानं पुस्तकही लिहिलं. त्याच्याकडे डागांत डोंगर दिसायचे, झाडी दिसायची. शिरूर तालुक्यात डागांत एकच गोष्ट दिसते. मातकट पिवळ्या रंगावर मीठ टाकून केलेला एक कागद मी गॅलरीत वाळत ठेवला होता. समोरच्या मावशींनी तो लांबून फोनमध्ये टिपला आणि दिवेलागणीच्या आत इमारतीच्या ग्रुपवर आलं, “बी विंगला बिबट्या.” इकडे ऊस भरपूर, बिबट्या हा चेष्टेचा विषय नाही, म्हणून मी ताबडतोब खुलासा टाकला, “सदर बिबट्या नसून मीठ आहे.” त्यावर काहींनी हात जोडलेली चित्रं पाठवली. एका काकांचा तरीही आग्रह होता की डोळे नीट दिसतायत, फक्त शेपूट दडवलेली आहे.

शेजारीच रांजणगाव, त्यामुळे एक मागणी ठरलेली. “हात चांगला आहे तुमचा, मग गणपती का नाही काढत?” महागणपतीची मूळ मूर्ती तळघरात असून तिला दहा सोंडा आणि वीस हात आहेत, असं इकडे सांगतात. अष्टविनायक करून आमच्याकडे जेवायला थांबलेल्या एका आप्तांनी तीच मूर्ती काढून मागितली, पाकिटात मावेल एवढी. दहा सोंडा, वीस हात आणि वर “चेहरा जरा हसरा ठेवा.” मी म्हटलं, मी फक्त रंग सोडतो, तो त्याला हवं तिथे जातो. त्यावर ते म्हणाले, “मग त्याला सांगा की गणपतीकडे जा म्हणून.”

माणसांना तरी काय दोष द्यायचा! आमच्या औद्योगिक वसाहतीत सकाळी पट्ट्यावर चढलेले सुटे भाग संध्याकाळी फ्रिज, वॉशिंग मशीन नाहीतर मोटार होऊन बाहेर पडतात. अशा ठिकाणी एक धडधाकट माणूस रोज अर्धा तास मान मोडून बसतो आणि शेवटी काहीच तयार होत नाही, हे लोकांना बघवत नाही. माझ्या शिफ्टमधल्या एकानं डब्याच्या सुट्टीत सरळ विचारलं, “दादा, याचं आउटपुट काय?” मी दोन-चार कागद दाखवले. त्यानं ते उजेडात धरले, कडा तपासल्या आणि विचारलं, “हे रिजेक्शनचे झाले. ओकेचे कुठायत?” मी त्याला रवींद्रनाथांचं उदाहरण दिलं. हस्तलिखितातल्या खाडाखोडीला जोडत जोडत ते चित्रांपर्यंत गेले, साठीच्या आसपास हा नाद लागला, 1930 साली पॅरिसला प्रदर्शन झालं आणि एकूण चित्रं दोन हजारांच्या वर भरली. सगळं शांतपणे ऐकून तो म्हणाला, “त्यांना शिफ्ट नव्हती.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानं पुढे रिवर्कचाही पर्याय सुचवला, म्हणजे त्याच कागदाच्या कोपऱ्यात ‘शुभ सकाळ’ लिहायचं.

खालच्या मजल्यावरची मुलगी सरकारी रेखाकला परीक्षा देते. तिचा हिशेब आणखी चोख. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीला 7 गुण, बीला 5, सीला 3. “काका, तुमच्या याला किती?” काहीच नाही म्हटल्यावर तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी यापूर्वी फक्त बँकेत पाहिली आहे. जाताना तिनं दयाबुद्धीनं दोन डोंगर आणि मधोमध सूर्य काढून दिला. या भागात डोंगर औषधाला नाही, पण तिच्या चित्राला घरात सगळ्यांनी “वा!” म्हटलं.

राहता राहिला साठवणीचा प्रश्न. शाहू महाराज 1922 साली गेले, तेव्हा कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी आपली पुष्कळशी चित्रं कोटितीर्थ तलावात सोडून दिली, असं सांगतात. त्यांचं दुःख मोठं होतं, चित्रंही मोठ्या माणसाची होती आणि तलाव हाताशी होता. माझ्याकडे यातलं काहीच नाही. माझे कागद बुटांच्या खोक्यात जातात, खोकं माळ्यावर जातं आणि दर साफसफाईला खाली येतं. रद्दीवाला घेत नाही, म्हणतो रंग लागलेला माल पुढे चालत नाही.

अलीकडे मात्र खोकं झपाट्यानं रिकामं व्हायला लागलं, तेव्हा मला शंका आली. आमच्या मंडळींना शोध लागला होता की मागची बाजू कोरी असते. आता महिन्याच्या दुधाचा हिशेब तिथे लिहितात. कागद 300 जीएसएमचा, निव्वळ कापसाचा, वाघोलीच्या कोंडीतून आणलेला. पेनाची शाई फुटत नाही, खोडरबर मारलं तरी सोलवटत नाही, फ्रिजच्या चुंबकाखाली महिनाभर ताठ उभा राहतो. परवा पैसे घ्यायला आलेल्या दूधवाल्या आप्पांनी हिशेब तपासला, कागद बोटांत धरून वाकवून पाहिला आणि खूश होऊन म्हणाले, “वहिनी, कागद एक नंबर आहे. तेवढा पुढच्या महिन्यापासून दोन्हीकडनं कोरा बघा. ह्याची एक बाजू पोरांनी खराब केलीये.”