दहा लाख लोक एकदम आले तर?

स्टार्टअप काढणाऱ्यांच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ म्हणजे वेब फ्रेमवर्क, अर्थात साइट उभारायचा तयार सांगाडा, निवडण्याचा. परीक्षेआधी रंगीत पेनांनी वेळापत्रक आखताना निम्मा अभ्यास झाल्यासारखा वाटायचा, तशातली ही गत. वाद घालून माणूस दमतो, म्हणजे काम झालंच असणार! शिवाय फ्रेमवर्क काही 'आम्हाला नको बुवा' असं तोंडावर सांगत नाही. गिऱ्हाईक सांगतं.

माझा भाचा आणि त्याचे दोन मित्र सध्या या सुखात आहेत. हाउसिंग सोसायट्यांचा मेंटेनन्स, टँकरचा खर्च, थकबाकी, सगळं एका ॲपवर आणायचं आहे. बाणेरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये व्हाइटबोर्डवर चार रकाने आखलेत: जँगो, रेल्स, लारावेल, नेक्स्ट. खाली लाल शाईत, दोनदा अधोरेखित: 'दहा लाख लोक एकदम आले तर?'

गंमत अशी, की यातली पहिली दोन कोणी फ्रेमवर्क काढायचं म्हणून काढलेलीच नव्हेत. जँगो जन्मलं अमेरिकेत, कॅन्ससमधल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या कचेरीत, २००३ साली. बातमीची पानं आजच्या आज हवी असत, त्या घाईतून ते घडलं. नाव मात्र गिटारवादक जँगो राइनहार्टचं. रेल्सचा जन्मही असाच. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन या डॅनिश गृहस्थाने बेसकॅम्प हे प्रकल्प सांभाळायचं ॲप बांधलं आणि त्यातलाच पुन्हा वापरण्याजोगा भाग २००४ मध्ये वेगळा काढून लोकांना देऊन टाकला. आधी काम, मग फ्रेमवर्क.

आणि दहा लाख लोक? ते ट्विटरवर खरंच आले. रेल्सवर उभी असलेली साइट वरचेवर कोलमडायची आणि पडद्यावर पक्ष्यांनी उचललेला देवमासा दिसायचा. लोक करवादले, पण गेले नाहीत. पुढे सवडीने बराचसा भाग स्काला भाषेत नव्याने लिहिला गेला. इन्स्टाग्राम जँगोवर होतं. २०१२ मध्ये फेसबुकने एक अब्ज डॉलर मोजायचं ठरवलं, तेव्हा तिथे माणसं होती १३.

निवड अगदीच बिनमहत्त्वाची असते असं नाही. २०१६ साली अँग्युलर या फ्रेमवर्कची दुसरी आवृत्ती आली ती पहिलीशी फटकून, आणि ज्यांनी पहिलीवर घर बांधलं होतं त्यातल्या अनेकांना पुन्हा पायापासून सुरुवात करावी लागली. पण ही अडचण चालत्या धंद्याची. त्याआधी धंदा चालायला हवा ना! माझ्या मते, जे हाताला येतं ते घ्यावं. भाच्याला पीएचपी भाषेतलं लारावेल उत्तम येतं, कॉलेजचा प्रोजेक्ट त्यातच केलाय. पण "मामा, पीएचपी म्हटलं की लोक हसतात रे."

बाणेरच्या त्या इमारतीचे सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि हिशेब अजून लांबुडक्या वहीत लिहितात. त्यांना कोणी काही विचारलेलं नव्हतं. जिन्यात गाठ पडली तेव्हा मीच ॲपचा विषय काढला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"थकबाकीदारांची यादी छापून नोटीस बोर्डावर लावता येईल ना?" ते म्हणाले. "जरा मोठ्या अक्षरात?"