मशीननं हवा धरली

एस्प्रेसोला नऊ बार दाब लागतो, हे मी काष्टीत इतक्या जणांना ऐकवलंय की आता लोक मला पाहिलं की विषय बदलतात. शनिवारच्या बाजाराला आलेल्या म्हशींच्या एका व्यापाऱ्यालाही मी ही माहिती पुरवली. तो गंभीरपणे म्हणाला, "नऊच? इथनं दौंडापर्यंत मोजा की, जास्त भरतील." मी त्याला समजावलं की हा बार तो नव्हे, नऊ बार म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण नऊपट. त्यानं मान डोलावली आणि चहा मागवला.

मशीन मी पडवीत ठेवलंय. स्वयंपाकघरात ठेवलं असतं तर सोय झाली असती, पण मग ते पाहणार कोण? पडवीत येणाऱ्याजाणाऱ्याची नजर पडते, "हे काय?" असा प्रश्न येतो, आणि मला १८८४ पासून सुरुवात करता येते. तुरिनचा आंजेलो मोरिओंदो, १९०१ चं मिलानच्या लुइजी बेझेराचं पेटंट, मग आकिल्ले गाज्जा, मग पंपावर चालणारं फाएमाचं १९६१ चं ई-६१. बेझेरापर्यंत आलो की पाहुणा घड्याळ बघू लागतो. गाज्जापर्यंत टिकलेला एकच, तो विम्याचा एजंट होता आणि त्याला माझी सही हवी होती.

या मशीननं पाणी सोडणं थांबवलं तेही पाहुण्यांसमोरच. पंप घुरघुरतोय, काटा शून्यावर, कपात थेंब नाही. कंपनीच्या मदत क्रमांकावरून एका गोड आवाजानं सांगितलं, की तुमचा पिनकोड आमच्या सेवाक्षेत्रात येत नाही, मशीन मूळ खोक्यात घालून पुण्याला आणा. मूळ खोक्यात सध्या मांजरीची पिल्लं राहतात.

शेवटी चुलतभावाला बोलावलं. तो मोटारी भरतो. बाजारात खोंडाचे दात बघावेत तसं त्यानं टाकीचं झाकण उचलून आत पाहिलं, पंपाला कान लावला आणि म्हणाला, "हवा धरलीय."

मी दुखावलो. आत कॉइल, सेकंदाला पन्नास झटके मारणारा दट्ट्या, एकमार्गी झडपा, आणि एवढ्या सगळ्या थाटाला आजार कोणता, तर विहिरीवरच्या मोटारीचा! पण निदान अचूक होतं. टाकी तळाला गेली की नळी हवा ओढते. पाणी दबत नाही, हवा दबते. दट्ट्या पुढंमागं होत राहतो, बुडबुडा जागच्या जागी लहानमोठा होत राहतो, आणि पुढची झडप ढकलायचा जोर काही तयार होत नाही. विहिरीवर आपण पंपाचं बूच काढून वरून पाणी ओततो. इथं वाफेची तोटी उघडून पुढचा अडसर काढायचा आणि पंप थोडा चालवायचा, थोडा थांबवायचा. कोरडाच चालवत राहिलो तर तापून त्याचा फ्यूज जातो. एवढ्यानं भागलं नाही, तेव्हा भावानं जनावरांना औषध पाजायची सिरिंज आणली आणि पंपाच्या नळीतून पाणी आत ढकललं. तोटी फुरफुरली, थुंकली आणि धार लागली. मजुरी त्यानं घेतली नाही. एस्प्रेसो पुढं केली तर म्हणाला, "नको, अजून जेवायचंय."

पाणी का येत नाही, हे आमच्या श्रीगोंदा तालुक्यात कुणाला शिकवावं लागत नाही. कुकडीचा डावा कालवा येडगावहून निघतो आणि श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्याकडं जातो. आवर्तन सुटल्याची बातमी पेपरात येते, फोटोही येतो, आणि टोकाचा शेतकरी कोरड्या चारीत उभा राहून तो पेपर वाचतो. वर मंत्र्यांवर दाब, अधिकाऱ्यांवर दाब, आणि खाली थेंब नाही. माझ्या टाकीत तांब्याभर पाणी ओतलं की काम भागतं. उभ्या पिकाला तसं करता येत नाही, आणि दर उन्हाळ्यात त्याच मागणीसाठी त्याच माणसांना रस्त्यावर बसावं लागतं याचा मला मनापासून संताप येतो. असो. कॉफीकडं वळू.

पाणी आलं, पण वाफ बिनसलेलीच राहिली. फुसकी, टपकणारी. दूध फेसाळण्याऐवजी पातळ व्हायचं. भावानं हात टेकले, आणि आतल्या खोलीतून वडील, म्हणजे अण्णा, बाहेर आले. अण्णांना आईची जेवायची हाक ऐकू येत नाही, पण ही फुसफुस बरोबर ऐकू गेली होती. "ओली वाफ आहे ती," ते म्हणाले. "पाणी येतंय तिच्यासंगं."

अण्णा आयुष्यभर साखर कारखान्याच्या बॉयलरवर होते, त्यामुळं आता मला थोडं कारखान्याकडं वळणं भाग आहे. थोडं म्हणजे बरंच.

नगर जिल्ह्याला वाफ इटलीहून मागवायची कधीच गरज नव्हती. तिकडं गाज्जा कॉफीच्या यंत्रातली वाफ बाजूला सारून दांड्याच्या जोरावर दाब आणायच्या खटपटीत होता, त्याच सुमाराला इकडं विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा करत होते. १९५०-५१ ला त्याचा पहिला हंगाम झाला. कारखाना म्हणजे मुळात वाफेचा संसार. रस काढून उरलेला बगॅस बॉयलरमध्ये जळतो, त्यावर झालेली वाफ टर्बाइन फिरवते, फिरवून दमली की तीच रस आटवायला जाते, आणि शेवटी तिचं पाणी होऊन परत बॉयलरला येतं. ऊस स्वतःच्याच चिपाडावर स्वतःला शिजवून घेतो. यापुढं मिलानची काय मातब्बरी?

दसऱ्याच्या आगेमागे बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं. एखादं जोडपं पूजेला बसतं, नारळ फुटतो, मग भाषणं. भाषणांतली वाफ नळीत घेता आली असती तर बगॅस विकायला उरला असता, असं अण्णांचं मत आहे. मग विस्तव पडतो. दाब हळूहळू चढवायचा, घाई केली तर आतल्या विटांना तडे जातात. पुढं गव्हाणीत मोळी पडते आणि हंगामभर रात्रंदिवस पाळ्या चालतात. जुन्या बॉयलरांचा दाब २१ नाहीतर ३२ किलो, वीज करणाऱ्या नव्यांचा ६७, ८७. हा किलो चौरस सेंटिमीटरवरचा, म्हणजे जवळपास बारच. मी संधी साधून माझे नऊ बार सांगितले.

"नऊवर काटा आला असता तर मिल थांबली असती आणि चीफ इंजिनिअर पळत आला असता," अण्णा म्हणाले. वर उलटतपासणी. नऊ कुणाचे? पंपाचे. वाफेचे किती? दीड-दोन. बॉयलर केवढा? शंभर मिलिलिटर. अण्णा माझ्याकडं बघत राहिले. बॉयलरच्या कायद्यानुसार पंचवीस लिटरच्या आतल्या भांड्याला बॉयलर म्हणतच नाहीत. ज्या वस्तूच्या जिवावर मी पडवीत मिरवत होतो, ती कायद्याच्या लेखी बॉयलर नव्हतीच.

त्या नसलेल्या बॉयलरकडं अण्णांनी मात्र खऱ्याइतक्याच गांभीर्यानं पाहिलं. दिवा लागला म्हणून घाई करायची नाही, वाफेला जरा दम धरू द्यायचा. दूध पुढं करण्याआधी तोटी उघडून साचलेलं पाणी जाऊ द्यायचं. टोकाची भोकं वाळलेल्या दुधानं बुजली होती, ती टाचणीनं मोकळी केली. दूध झालं की लगेच पुन्हा वाफ सोडून फडक्यानं पुसायचं, नाहीतर नळी निवताना दूध आत ओढते. आणि सगळ्याच्या मुळाशी आमचं बोअरचं पाणी. तापलं की त्यातला क्षार भांड्याला धरतो, आणि क्षाराचा थर उष्णता अडवतो. कारखान्यात म्हणून बॉयलरला मऊ पाणी देतात आणि हंगाम संपला की ट्यूबा घासतात. नाही घासल्या तर ट्यूब तापते आणि एक दिवस फाटते.

हे ऐकून आई चार लिंबं चिरून घेऊन आली. श्रीगोंदा तालुका लिंबांचाच. पण रसातला गर नळीत अडकतो, म्हणून किराणा दुकानातून सायट्रिक ॲसिडची पुडी आणली. लिटरभर पाण्यात दोन चमचे, निम्मं कॉफीच्या आणि वाफेच्या वाटेनं सोडायचं, वीसेक मिनिटं मुरू द्यायचं, उरलेलं सोडायचं आणि मग स्वच्छ पाण्यानं धुऊन काढायचं. गंमत म्हणजे त्या पुडीचा लिंबाशी संबंध नसतो, मळीवर किंवा साखरेच्या पाकावर बुरशी वाढवून ते करतात. म्हणजे कारखान्यानं इथंही सोडलं नाही. आणि भाव पडला की आमच्याकडची लिंबं मात्र रस्त्याकडेला ओतलेली दिसतात.

शेवटी वाफ कोरडी, सणसणीत सुटली. मी पांढरा लोट कौतुकानं बघत होतो. अण्णा म्हणाले, "दिसती ती वाफ न्हवं. ते तिचं झालेलं पाणी. तोटीच्या टोकाला बोटभर कोरी जागा हाय बघ, ती वाफ." मोठ्या दाबाची गळती दिसत नाही, नुसती किंचाळते. मग काठीला फडकं बांधून पुढं धरत चालायचं, फडकं उडालं की गळती तिथं. अण्णांच्या उजव्या हातावर एक गुळगुळीत चट्टा आहे, तो मला लहानपणापासून देवीच्या लशीचा वाटायचा. एका रात्रपाळीत फडक्याच्या आधी हात पुढं गेला होता. एवढं सांगून त्यांनी लगेच टाचणी कुठं ठेवलीस म्हणून विचारलं, कारण ती हरवली असती तर उद्याच्या पाळीला कोण जबाबदार?

तेव्हापासून पडवीचा कारभार अण्णांकडं गेला. भिंतीवर त्यांनी तक्ता टांगलाय: वेळ, पाणी, वाफ, शेरा, सही. त्यांच्या हिशेबी मुख्य उत्पादन वाफ, कॉफी म्हणजे मळी. पाहुणे आता थेट त्यांच्याकडं जातात, बॉयलरच्या गोष्टी शेवटपर्यंत ऐकतात, घड्याळ बघत नाहीत, आणि हे मला फार लागतं. शेऱ्याच्या रकान्यात माझ्याबद्दल एकच नोंद वारंवार असते: "ऑपरेटर बोलतो फार."

आता दसऱ्याला मशीनचं रीतसर अग्निप्रदीपन करायचं अण्णांनी ठरवलंय. पूजेला जोडपं लागतं, म्हणून आईला विचारलं. ती म्हणाली, "बसते मी पाटावर. पण भाषण कुणाचं नको, आणि प्रसादाला चहा."